डी अँझा कॉलेजात तीन क्वार्टर: चाळिशीत पुन्हा वर्गात बसले तेव्हा

सप्टेंबरअखेरीस कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात नाव घातलं (हे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज), आता जून आलाय. तीन क्वार्टर, म्हणजे तिमाही सत्रं, झाली. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, नव्याने आलेल्या मैत्रिणी सारखं विचारतात, "तिथे जाऊन उपयोग होतो का गं?" म्हणून सविस्तर लिहितेय.

मी सांगलीची बी.कॉम. लग्न, नवऱ्याची बदली, दोन मुलं, यात बारा वर्षं अकाउंटिंगला हात लागला नव्हता. आधी एका खाजगी ऑनलाइन कोर्सला भरपूर पैसे भरले. तिथे नुसते व्हिडिओ, शंका विचारायला माणूसच नाही. इथे कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ३१ डॉलर पडतात. फायनान्शियल अकाउंटिंगचा पहिला कोर्स पाच युनिटांचा, म्हणजे १५५ डॉलर आणि वर किरकोळ फी. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. व्हिसाचा प्रकार आणि राज्यात वर्षाहून जास्त राहिल्याचे कागद बघून रहिवासी दर्जा ठरतो, तेव्हा भाडेकरार, टॅक्स रिटर्न आधीच काढून ठेवा. बाहेरच्यांची फी कितीतरी पट जास्त आहे.

पहिल्या दिवशी माझ्या एका बाजूला एकोणीस वर्षांचा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला साठीच्या एक बाई, नातवंडांना शाळेत सोडून आलेल्या. "आता या वयात कशाला?" हे मला नऊ महिन्यांत एकदाही ऐकावं लागलं नाही. माझ्यासाठी ही या कॉलेजची सगळ्यात मोठी गोष्ट.

ॲडजस्टिंग एंट्रीज (हिशेब बंद करताना करायच्या जुळवणीच्या नोंदी) काही केल्या डोक्यात शिरेनात, तेव्हा सरांच्या ऑफिस अवरला, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेला गेले. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, तुम्ही शिकलात तसं मांडा. मी मधोमध रेघ मारली, डावीकडे 'नावे', उजवीकडे 'जमा' लिहिलं, आणि खतावणीची सगळी जुनी सवय हातात परत आली. त्या देवनागरी अक्षरांकडे बघून सर इतके खूश झाले की त्यांनी दोन्ही शब्द माझ्याकडून म्हणून घेतले. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

परिसर मोठा आणि सावलीचा आहे. कॉलेज १९६७ चं, पण ल पती त्रियानाँ ही वास्तू १९व्या शतकाच्या अखेरची, द्राक्षमळ्यांच्या काळातली. आता तिथे कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचं केंद्र आहे. जवळच्या सखल बागेत पाण्याच्या काठी बसून मी डबा खाते. किर्श सेंटर या पर्यावरण अभ्यासाच्या इमारतीशेजारी कॅलिफोर्नियाच्या मूळ वनस्पती लावल्यात, मुलांना आवर्जून दाखवा. तारांगणही आहे. १९८४ साली स्टीव्ह जॉब्झने ॲपलचा मॅकिंटॉश संगणक जगाला दाखवला तो इथल्याच फ्लिंट सेंटरमध्ये. ते नाट्यगृह २०१९ मध्ये बंद झालं. कॉलेजच्या आवारात वसतिगृह नाही. त्यामुळे बरीच मुलं वर्ग संपला की नोकरीवर पळतात. ओळखी व्हायच्या तर लायब्ररीत आणि ट्युटरिंगच्या टेबलावर होतात, मला तिथेच दोन जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या.

क्वार्टर मात्र कळकळीने सांगते, हलक्यात घेऊ नका. परीक्षा धरून १२ आठवडे. दिवाळीचा आठवडा मी फराळात घालवला आणि पुढच्याच आठवड्यात मिडटर्म आली. 'ए' हातचा गेला, फार वाईट वाटलं. घर सांभाळून पहिल्यांदा एकच कोर्स घ्या.

बारावीच्या मुलांच्या आयांसाठी: इथे दोन वर्षं करून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाता येतं. डेव्हिस, अर्वाइन, सांता क्रूझ धरून सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. काउन्सेलरला पहिल्याच क्वार्टरला भेटा.

सप्टेंबरला मी पुढचा कोर्स घेतेय. मुलांना शाळेत सोडून साडेआठला निघते, वाटेवर राहत असाल तर गाडीत जागा आहे.