कोल्डप्लेची दोन तिकिटं आणि रमणबागेची गोष्ट

15,000 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "पण गेले किती?" हे मनात घोळत राहणार नाही. बुडीत रक्कम म्हणून फार मोठी नाही. ज्या रीतीने गेली ती सांगण्यासारखी आहे.

मी पुण्यात एका पतसंस्थेत काम करते. काउंटरच्या मागे "ओटीपी कुणालाही सांगू नका" असा कागद आहे, तो मीच चिकटवलाय. दर महिन्याला एखाद्या आजोबांना समजावते की पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणार आहेत. आणि मला कुणी ओटीपी मागितलाच नाही. मी दोनदा माझ्या हाताने, शुद्धीत, पिन टाकून पैसे पाठवले.

22 सप्टेंबर 2024, रविवार, दुपारी बारा. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकीटविक्री. ज्यांच्या घरात सोळा वर्षांचं माणूस आहे त्यांना तो दिवस आठवत असेल. आमच्याकडे तीन फोन आणि एक लॅपटॉप मांडून ठेवले होते, जेवण अकरालाच उरकलं होतं. बाराला ॲप बंद पडलं. सुरू झालं तेव्हा माझ्या फोनवर माझ्यापुढे सात लाखांवर माणसं होती. 18 आणि 19 जानेवारी हातचे गेले, मग 21 तारखेचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तोही गेला. तीनच्या सुमारास लेक बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मला ते ऐकू आलं, आणि खरं सांगायचं तर फसवणूक तिथूनच सुरू झाली.

संध्याकाळपर्यंत तिकिटांचे परत-विक्रीचे भाव लाखांत गेले होते. ते आपल्यासाठी नाहीतच हे उघड होतं, त्यामुळे त्यांचा मोह नव्हता. मोह पडला तो फेसबुकच्या एका चाहत्यांच्या ग्रुपमधल्या साध्या चार ओळींचा. 19 तारखेची दोन स्टँडिंग, छापील किंमत 6,450, आईचं आजारपण निघाल्याने जाणं जमणार नाही, प्रत्येकी 9,500 ला द्यायची आहेत, शक्यतो पुण्या-मुंबईतल्या खऱ्या रसिकाला. मराठीत लिहिलेलं. शुद्धलेखन बरं.

आता विचार केला की त्या 9,500 चं कौतुक वाटतं. छापील किमतीला देतो म्हणाला असता तर मला शंका आली असती. पन्नास हजार म्हणाला असता तर मी ती पोस्ट सोडून पुढे सरकले असते. तीन हजार जास्त म्हणजे थोडासा लोभी, आपल्यासारखाच माणूस. शिवाय वरचे पैसे देऊन घेणं बरोबर नाही हे मलाही कळत होतं, म्हणून मी कुणाला विचारलंही नाही. नवऱ्यालाही नाही. जी गोष्ट घरात सांगायला लाज वाटते ती गोष्ट तपासून बघायलाही कुणी उरत नाही.

पण भावाने मी फसले नाही. मी फसले रमणबागेमुळे.

1994 चा डिसेंबर. मी बारा वर्षांची. तेव्हा सवाई गंधर्व महोत्सव न्यू इंग्लिश स्कूल रमणबागेच्या मैदानात व्हायचा, आणि रात्रभर चालायचा. ज्यांनी दहाला संपणारा सवाईच पाहिलाय त्यांना कसं सांगायचं कळत नाही. सतरंज्या, स्वेटर, कानटोप्या, थर्मास, मांडीवर झोपलेली पोरं, पहाटे तीनला वडापावच्या रांगेत मघाच्या तानेवर वाद घालणारे लोक. बाबांकडे त्या वर्षी सीझन तिकीट नव्हतं. कारखान्यात पगार लांबला होता. तरी शेवटच्या रात्री मला घेऊन गेले. बाहेर उभं राहूनही ऐकू येतं म्हणाले. आम्ही फाटकापाशी उभे होतो, माझ्या अंगावर चौघडी केलेली शाल. आतून एक गृहस्थ पोट धरून बाहेर आले. बाबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि हातातली दोन तिकिटं पुढे केली. "बायकोचं आणि माझं आहे. आम्ही निघालो. एकच रात्र राहिलीय, पैसे कसले घेता." बाबांनी तरी खिशात होते ते वीस रुपये त्यांच्या हातात कोंबले. आम्ही भारतीय बैठकीत जाऊन बसलो. पहाटे भीमसेन गायले. मला त्यातलं काय कळणार, पण षड्ज लागला तेव्हा बाबांनी माझा हात दाबला होता तेवढं पक्कं आठवतं.

तर, कार्यक्रमाच्या दाराशी भेटलेला अनोळखी माणूस चांगला असतो, हे माझ्या डोक्यात बाराव्या वर्षीच ठोकून बसलं होतं.

मी त्या विक्रेत्याला मेसेज केला. तो "ताई" म्हणून बोलायला लागला. तुम्ही कसलं गाणं ऐकता वगैरे. मी सांगितलं, आम्ही मूळचे सवाईवाले, हे इंग्रजी लेकीचं वेड. त्यावर त्याचं उत्तर: "अहो ताई, आम्हीपण भारतीय बैठकवालेच!" मग काय. मी त्याला रमणबागेची सगळी गोष्ट लिहिली. शाल, वीस रुपये, पोट धरून आलेले काका, सगळं. त्याने हात जोडल्याची चिन्हं पाठवली आणि म्हणाला, तिकिटं तुम्हालाच, दुसऱ्या दोघांना नाही सांगतो. जाता जाता लिहिलं, "डिसेंबरमध्ये रमणबागेत भेटूच."

सवाई कित्येक वर्षं झाली मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. रमणबागेत नाही. हे वाक्य वाचताना मला टोचलं, खरंच टोचलं. मी मनाशी म्हणाले, जुन्या सवयीने लिहिलं असेल, आम्हीही अजून म्हणतोच की. आता तो संवाद वरपासून खालपर्यंत वाचला तर दिसतं: त्याने गाण्याबद्दल स्वतःहून एकही गोष्ट सांगितलेली नाही. माझंच वाक्य थोडं फिरवून मला परत दिलं आहे. रमणबाग हा शब्दसुद्धा माझाच होता.

ऑक्टोबरमध्ये 10,000 आगाऊ. पुरावा म्हणून त्याने बुकिंग झाल्याच्या मेलचा स्क्रीनशॉट पाठवला होता. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र, त्यावर कुणीही काहीही लिहू शकतो, हे मी इतरांना सांगत असते. त्याला म्हणायला हवं होतं की व्हिडिओ कॉलवर स्वतःचं ॲप उघड, माझ्यासमोर बुकिंगच्या यादीत जा. तो काहीतरी सबब सांगणार आणि तिथेच उलगडा होणार. मी म्हटलं नाही, कारण रमणबागेच्या काकांवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

पैसे पाठवताना यूपीआयवर खातेदाराचं नाव येतं. ते एका बाईचं होतं, आडनाव दुसऱ्याच राज्यातलं. विचारलं तर म्हणाला, "मेव्हणीचं खातं आहे ताई, माझ्या खात्याची लिमिट संपलीय." पतसंस्थेत कुणी असं म्हणालं असतं तर मी काउंटरवरून उठून उभी राहिले असते.

डिसेंबरात त्याने छापील तिकिटांचा फोटो पाठवला. "कुरिअरने घरी आली बघा." निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, त्यावर दोन तिकिटं, कडेला अंगठा, क्यूआर कोड बोटाने झाकलेला. कोड झाकला म्हणून मला तो उलट जास्तच जबाबदार वाटला. आईच्या औषधांचं निघालंय म्हणून त्याने उरलेल्यातले 5,000 मागितले, मी दिले. 4,000 मात्र राखून ठेवले, तिकीट हातात पडल्यावर देईन म्हणाले. किती हुशार मी, असं तेव्हा वाटलं होतं. तो लगेच हो म्हणाला. त्याला ते 4,000 नकोच होते.

19 जानेवारी 2025, रविवार. शिवनेरीने वाशी, तिथून लोकलने नेरूळ. डब्यात सगळी चमकी लावलेली, रंगीत कपड्यांतली मुलं. लेकीने गालावर चांदण्या काढल्या होत्या. नेरूळ स्टेशनच्या बाहेर, साडेतीन वाजता, असं ठरलं होतं. तीनपर्यंत त्याचे मेसेज येत होते, "ट्रॅफिकमध्ये आहे ताई". सव्वातीनला शेवटचा. मग फोन बंद.

चार वाजता माझ्या लक्षात आलं की आमच्या आजूबाजूला आणखी काही जण तसेच उभे आहेत. फोन कानाला, नजर रस्त्यावर. ठाण्याचा एक मुलगा आणि त्याची मैत्रीण, नाशिकहून आलेले दोघे भाऊ, एक बाई एकट्याच. त्या बाईंनी कुणाला तरी फोटो दाखवायला मोबाईल पुढे केला आणि मला लांबूनच निळ्या चौकड्या दिसल्या. तोच टेबलक्लॉथ, तोच अंगठा. आम्ही सगळ्यांनी आपापले स्क्रीनशॉट शेजारी शेजारी धरले. बुकिंगचा नंबर सगळ्यांचा एकच. नाशिकच्या थोरल्या भावाला हसू यायला लागलं आणि थांबेचना. त्याला सांगितलेलं कारण आई नव्हतं, स्वतःचं मोडलेलं लग्न होतं. ठाण्याच्या मुलाशी तो क्रिकेटबद्दल बोलायचा.

काळोख पडल्यावर आम्ही डी. वाय. पाटील स्टेडियमच्या बाजूला रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. तिकिटाविना आलेले तिथे बरेच होते. आवाज येत होता, शब्द नीट नाहीत, ठेका पुरता. स्टेडियमवरचं आभाळ रंग बदलत होतं. लेक काही बोलली नाही. सगळी गाणी मात्र तिने बाहेरून म्हटली. मी तिला बाबांचं ते वाक्य सांगणार होते, बाहेर उभं राहूनही ऐकू येतं म्हणून. नाही सांगितलं.

तक्रारीचं लवकर उरकते. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे आणि तो पैसे गेल्याच्या पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर उपयोग होतो, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत बँकेत अडवता येते. माझे पैसे जाऊन महिने लोटले होते. तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. व्यवहाराचा यूटीआर नंबर, स्क्रीनशॉट, सगळे मेसेज जोडले. त्यातले मेसेज रागाच्या भरात पुसू नका, नाशिकवाल्यांनी पुसले आणि पंचाईत झाली. खातं भाड्याने दिलेलं निघालं. ती बाई खरी आहे, खातं तिचंच आहे, आणि तिला कोल्डप्ले म्हणजे काय ते माहीत नाही. पैसे परत आलेले नाहीत.

मी फेसबुकवर या प्रकाराबद्दल लिहिलं तर दोन दिवसांत एकाचा फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मोकळी झालीय, 2,000 प्रक्रिया शुल्क भरा." त्याला मात्र मी काउंटरवरच्या आवाजात उत्तर दिलं.

26 तारखेला अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला, तो आम्ही घरी पाहिला. लेक पाऊण तासाने उठून अभ्यासाला गेली.

नेरूळच्या आम्हा लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झालाय. मार्चमध्ये ठाण्याच्या मुलाने त्यावर एक स्क्रीनशॉट टाकला. त्याच्या मावशीला दुसऱ्या एका कार्यक्रमाची तिकिटं विकायला कुणीतरी बोलत होता, वेगळं नाव, वेगळा नंबर. मावशींनी विचारलं होतं की तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा. त्यावर त्याने लांबलचक लिहिलं होतं: "ताई, मी बारा वर्षांचा असताना बाबा मला रमणबागेत घेऊन गेले होते. आमच्याकडे तिकीट नव्हतं. माझ्या अंगावर चौघडी शाल होती…"