माईकवर टिचकी मारू नका म्हणाला, तर तिथूनच उठा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मीटिंगचा माईक घ्यायला जाणार असाल तर आधी हे वाचा. 18,500 रुपये गेले. तेही माझे नव्हेत, सोसायटीचे. जिन्यात समोरून कोणी आलं की मीच मोबाईल काढून बघत बसतो.

आमची बारा फ्लॅटची सोसायटी, मी सेक्रेटरी. पुनर्विकासाच्या विशेष सभेचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, 4 जुलै 2019 चा शासन निर्णयच आहे तसा. उद्या कोणी 'मी हो म्हणालोच नव्हतो' म्हणून उलटला तर प्रत्येकाचा आवाज स्पष्ट पाहिजे, म्हणून माईकची शोधाशोध.

दुकानदार गोड. "दादा, विषयच नाही. जपानी कॉन्फरन्स सेट. टेबलावर चार चकत्या ठेवायच्या, रिसीव्हर लॅपटॉपला लावायचा, संपलं." पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी धरून 21,830, नाहीतर 18,500. सोसायटीचे 3,330 वाचतात म्हटल्यावर कुठला सेक्रेटरी नको म्हणेल? 5,000 यूपीआयने दिले, 13,500 रोख. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं आलं. "मेहुण्याचं खातं आहे" म्हणाला.

आता ती टिचकी. डेमो त्याच्या काचेच्या केबिनमध्ये झाला. खाली कार्पेट, एसी चालू, लॅपटॉप आमच्यापासून दोन फुटांवर. आम्ही बोललो, त्याने ऐकवलं, आवाज खणखणीत. मी सहज एका चकतीवर नखाने टिचकी मारायला गेलो तर त्याने माझा हातच धरला. "दादा, कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, नाजूक असते, जाते." माणूस माईक विकतो आणि माईकला हात लावू देत नाही! रेकॉर्डिंग लॅपटॉपच्याच माईकवर चाललं होतं. टिचकी मारली असती तर ती धाडकन न वाजता लांबून टक् अशी आली असती आणि सोंग तिथंच उघडं पडलं असतं. पण समोरचा रोज हेच विकतो म्हटल्यावर आपण ऐकतोच की. तुम्हीही ऐकलं असतं.

सभेत लॅपटॉपजवळ बसलेले चेअरमन तेवढे ऐकू आले. बाकी पंख्याची घरघर, खुर्च्या सरकवल्याचा आवाज आणि विहिरीतून बोलल्यासारखी माणसं. चिडून एका चकतीचे स्क्रू काढले. आत बॅटरी, हिरवा दिवा आणि वजनासाठी डिंकाने चिकटवलेला लोखंडी वायसर. माईकच नाही! रिसीव्हरमध्येही नुसता दिवा.

दुकानात गेलो तर "कच्च्या बिलावर रिटर्न नाही." ठाण्यात गेलो तर साहेब जेवायला गेलेले, आले ते म्हणाले, "काका, वस्तू खराब निघाली म्हणजे सिव्हिल मॅटर." अहो, खराब नाही, वस्तूच नाही! वायसर टेबलावर ठेवला तर म्हणाले, "हे तुम्हीच आत टाकलं नाही कशावरून?" वर सल्ला, ऑनलाइन फ्रॉडच्या हेल्पलाइनला लावा. तिथे सांगितलं, रोख रकमेचं ठाण्यात बघा. परत ठाण्यात, तर आता तो भाग दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथला हवालदार बिलावरचा 'एस्टिमेट' शब्द वाचून हसला. चोर दुकानात एसी लावून बसलाय आणि पुरावे मी गोळा करायचे. सोसायटीत कुजबुज वेगळीच, सेक्रेटरीने कमिशन खाल्लं म्हणून.

मीटिंगचा माईक घेताना लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये इनपुट कुठलं निवडलंय ते स्वतः बघा. हेडफोन घरचा न्या. माईक लावून ऐका, काढून ऐका. फरक नसेल तर पैसे देऊ नका. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो, त्यामुळे 'कोपऱ्यात ठेवला तरी सगळी खोली घेतो' ही थाप समजा. आठ-दहा माणसांना टेबलाच्या मधोमध ठेवायचा वायरचा बाउंडरी माईक, म्हणजे टेबलावर सपाट बसणारा माईक, पुरतो. तेही नको असेल तर मोबाईल रुमालावर टेबलामध्ये ठेवून रेकॉर्ड करा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर टाळीवर टाळी जुळवून आवाज व्हिडिओला लावता येतो. पुढची सभा आम्ही तशीच घेतली, फुकटात. आणि जीएसटी वाचवू नका हो!

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. माझा अर्ज तयार आहे. त्याच्याकडून हाच सेट कोणी घेतला असेल तर चकती उघडताना मोबाईलवर सलग शूटिंग करा, यूपीआयचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि रागाच्या भरात सेट भंगारात टाकू नका.