प्लॅटिनम सांगून टिनचं सिलिकॉन गळ्यात मारलं, मोल्ड बनवणाऱ्यांनी वाचा

मिनिएचरचे, म्हणजे छोट्या मॉडेलचे पार्ट मोल्डमधून (साच्यातून) कॉपी करायला जे कुणी सुट्या डब्यातलं सिलिकॉन ऑनलाइन मागवतात त्यांच्यासाठी लिहितोय. मला प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टने, म्हणजे सेट करणाऱ्या रसायनाने, रबर होणारं) म्हणून टिन क्युअर (टिनच्या कॅटॅलिस्टने होणारं, स्वस्त) विकलं गेलं, तेही बहुतेक तेल घालून वाढवलेलं, आणि विकणारा शेवटपर्यंत मलाच शिकवत होता की सर तुमचं मिक्सिंग चुकतंय. त्याच्या दुकानाचं नाव देत नाही, ही लोकं उद्या नवीन नावाने परत उगवतात, त्यापेक्षा माल कसा पकडायचा ते सांगितलेलं बरं.

आधी थोडक्यात, नवीन लोकांसाठी. आपण मोल्डला वापरतो ते आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे खोलीच्या तापमानाला सेट होणारं, त्यात दोन जाती. टिनवाल्यात डब्यातल्या बेसमध्ये वजनाच्या जेमतेम २ ते ५ टक्के कॅटॅलिस्ट पडतं (काहींत १० पण असतं), सेट होताना त्यातून थोडं अल्कोहोल उडून जातं आणि म्हणून मोल्ड हळूहळू आकसतो, १ टक्क्याच्या आसपास सुद्धा जाऊ शकतो, आणि नुसता कपाटात ठेवला तरी काही वर्षांत कडक होऊन फुटायला लागतो. प्लॅटिनमवालं दोन भागांत, बहुतेक १:१ किंवा १०:१ प्रमाणात मिसळायचं येतं, त्यातून काही उडत नाही, आकसणं ०.१ टक्क्याच्या आत, मोल्ड वर्षानुवर्षं टिकतो. फक्त नखरे जास्त, सल्फरवाली क्ले, लेटेक्सचे हातमोजे, नीट क्युअर न झालेली थ्रीडी प्रिंट, यातलं काही लागलं की चिकट राहतं. आणि महाग. मधला किमतीचा फरक मोठा आहे आणि फसवणुकीची सगळी जागा तिथेच आहे, कारण डब्यात बघून दोन्ही सारखंच घट्ट मलईसारखं दिसतं.

मी १/३५ स्केलचे ट्रक कस्टमाइज करतो. टूलबॉक्स, जेरीकॅन, जास्तीची चाकं, बाजूचे पॅनल, हे सगळं स्टायरीन शीट आणि एपॉक्सी पुटीने एकदा स्वतः बनवायचं (हा मूळ नमुना म्हणजे मास्टर) आणि मग त्याचा मोल्ड करून रेझिनमध्ये पाहिजे तेवढे काढायचे. (दुसऱ्याने विकायला बनवलेले पार्ट कॉपी करून विकणारे वेगळे, त्यांची बाजू मी घेत नाहीये.) माझं नेहमीचं प्लॅटिनम संपत आलेलं आणि ही जाहिरात दिसली, प्लॅटिनम, १:१, झिरो श्रिंकेज, फूड ग्रेड, शोअर ए २५ (रबराच्या कडकपणाचं माप), सगळं लिहिलेलं. किंमत कमी होती पण हास्यास्पद कमी नव्हती, आणि हुशारी यातच आहे, अगदी फुकटात दिलं असतं तर कुणीही थांबला असता. खाली रिव्ह्यू भरपूर, पाच स्टार, चकचकीत मोल्डचे फोटो. आता कळतं की ते सगळे रिव्ह्यू माल आल्याच्या एकदोन दिवसांतले होते. टिनचा मोल्ड पहिल्या दिवशी मस्तच दिसतो हो, तक्रार करायला त्याला काही आठवडे लागतात आणि तेव्हा परत जाऊन रिव्ह्यू बदलायला कुणाला वेळ असतो.

पार्सल आलं तर १:१ चे दोन डबे नाहीत. एक मोठा पांढरा डबा आणि सोबत एक छोटी ड्रॉपरची बाटली, तिच्यावर हाताने लिहिलेलं ३%. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. लगेच मेसेज केला की हे काय. उत्तर आलं, सर नवीन अपग्रेड फॉर्म्युला आहे, प्लॅटिनमच आहे, कॅटॅलिस्ट कमी लागतं म्हणजे तुमचाच फायदा. डेटाशीट मागितली तर एक कापलेला फोटो आला, वरचं कंपनीचं नाव उडवलेलं, आणि त्यात मिक्सिंग रेशो १:१! म्हणजे शीट एका मालाची आणि बाटली दुसऱ्याची. हे दाखवलं तर म्हणे शीट जुनी आहे. आणि मग स्वतःहून एक सल्ला दिला ज्याने तो पूर्ण उघडा पडला, सर घाई असेल तर ३ च्या जागी ५ टक्के टाका, लवकर सेट होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. कॅटॅलिस्ट वाढवून लवकर सेट करणं हा टिनचा खेळ आहे (तिथेही त्याने आकसणं वाढतं आणि मोल्डचं आयुष्य कमी होतं). प्लॅटिनममध्ये दोन्ही भागांचं प्रमाण ठरलेलं असतं, ते हलवलं की सेट लवकर होत नाही, बिघडतं. तिथे घाई असेल तर ऊब देतात. प्लॅटिनम विकणारा माणूस असा सल्ला देणारच नाही, एकतर त्याला काही माहीत नाही किंवा सगळं माहीत आहे.

तरी पूर्ण खात्री नव्हती म्हणून आधी फक्त चाकाचा सिंगल पीस मोल्ड केला. सेट झाला, छान सुटला. ताज्या मोल्डला हलका अल्कोहोलसारखा वास होता. पण हात लावला की बोटाला काहीतरी तेलकट लागायचं, पुसलं की परत यायचं. त्या मोल्डमधून निघालेल्या चाकांवर प्रायमर (रंगाआधीचा थर) बसेना, मारला की छोटे छोटे गोल उघडे डाग, साबणाने घासून धुतलं की एखादं बरं व्हायचं. सिलिकॉन ऑइल घालून माल वाढवला की असं होतं, तेल स्वस्त पडतं, माल पातळ होतो, बबल पण सहज वर येतात त्यामुळे ओतताना उलट आवडतो आपल्याला, पण नंतर ते तेल बाहेर पाझरत राहतं आणि रबरात फाटायला विरोध करायची ताकद राहत नाही. माझ्या चाकाच्या हबच्या बारीक कडा थोड्याच कास्टिंगमध्ये फाटून रेझिनबरोबर बाहेर आल्या. टिश्यू पेपरवर सेट झालेला तुकडा वजन ठेवून रात्रभर ठेवला तर खाली तेलाचा डाग. थोडंफार तेल चांगल्या मऊ सिलिकॉनमध्ये पण असू शकतं त्यामुळे नुसत्या डागावरून भांडायला जाऊ नका, पण पारदर्शक गोल चकती उमटली तर समजा.

आकसण्याचं गणित पण बघा कारण विकणारे इथे सटकतात. १० मिमीच्या टूलबॉक्सवर १ टक्का म्हणजे ०.१ मिमी, तुम्हाला कळणार पण नाही, आणि म्हणूनच अर्धे ग्राहक खुश. माझं ट्रकचं पॅनल ८० मिमी लांब, तिथे तेवढंच आकसणं ०.८ मिमी होतं आणि रेझिन स्वतः थोडं आकसतं ते वेगळं. ताज्या मोल्डमधलं पॅनल बसलं. तोच मोल्ड काही आठवडे पडून राहिल्यावर काढलेलं पॅनल दोन्ही टोकांना फट दाखवायला लागलं. कॅलिपर लावून दोन्हीचे फोटो घेतले आणि त्याला पाठवले, तर उत्तर, सर तुमच्याकडे ह्युमिडिटी असेल.

खरी वाट लागली ती टूलबॉक्सच्या दोन भागांच्या मोल्डमध्ये. खालचा अर्धा भाग या डब्यातून ओतला, वरच्या अर्ध्यासाठी माझं जुनं अस्सल प्लॅटिनम शिल्लक होतं ते ओतलं, लेबलनुसार दोन्ही प्लॅटिनम म्हटल्यावर अडचण काय यायची. मध्ये व्हॅसलिनचा थर नीट लावलेला. उघडलं तर वरचा भाग बाहेरून रबर आणि आत जिथे खालच्या भागाला टेकला तिथे च्युइंगमसारखा लगदा, मास्टर त्यात बुडालेला. स्टायरीनचे बारीक हँडल, बिजागऱ्या, सगळं काढताना तुटलं. माल स्वस्त महाग जाऊ दे, तो मास्टर बनवायला गेलेले तास कोण परत देणार.

पण पुरावा तिथेच मिळाला. टिन सिलिकॉन प्लॅटिनमचं क्युअर मारतं, हे मोल्डच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि प्लॅटिनमने प्लॅटिनमला असं कधीच होत नाही. मग नीट टेस्ट केली. दोन नवीन प्लॅस्टिक कप, नायट्राइल हातमोजे, क्ले नाही, व्हॅसलिन नाही, मास्टर नाही. एका कपात त्याच्या मालाचा सेट झालेला तुकडा, दुसऱ्यात काहीच नाही, आणि दोन्हीत एकाच वेळी मिक्स केलेलं अस्सल प्लॅटिनम. रिकामा कप कडक सेट. तुकडावाल्या कपात तुकड्याभोवतीचा थर चिकट तो चिकटच. हे सगळं एका सलग व्हिडिओत, मध्ये कट न मारता. दुसरी साधी टेस्ट वजनाची, ओतल्याबरोबर तुकडा बारीक डिजिटल काट्यावर ठेवा आणि काही दिवसांनी परत ठेवा, टिनचं वजन कमी होतं, प्लॅटिनमचं जवळपास तेवढंच राहतं.

व्हिडिओ बघितल्यावर त्याची भाषा एकदम गोड झाली. सर रिप्लेसमेंट पाठवतो, फक्त आधी ती कंप्लेंट क्लोज करा, ओपन असेल तर सिस्टीम नवीन ऑर्डर टाकू देत नाही. इथे खूप जण अडकतात. एकदा बंद केलेली तक्रार बऱ्याच ठिकाणी परत उघडता येत नाही आणि तोपर्यंत रिटर्नची मुदत पण निघून जाते, त्याआधीचे ह्युमिडिटी, मिक्सिंगचा व्हिडिओ पाठवा, अजून दोन दिवस थांबून बघा, हे सगळं त्या मुदतीसाठीच चाललेलं असतं. मी बंद केली नाही, फोनवर बोलू सर म्हणाला तर सगळं लेखीच ठेवलं, आणि तक्रारीत "क्वालिटी खराब" असं मोघम न लिहिता "जाहिरातीत प्लॅटिनम १:१, प्रत्यक्षात टिन ३%" असं लिहून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बाटलीचा फोटो शेजारी शेजारी लावले. तक्रार बघणाऱ्या माणसाला सिलिकॉन कळत नाही पण १:१ आणि ३% वेगळे आहेत हे कळतं. बऱ्याच दिवसांनी सिलिकॉनचे पैसे आले, शिपिंगचे बुडाले. त्याच्याकडून सोबत घेतलेलं कास्टिंग रेझिन पण आधी उघडलेलं निघालं, पॉलीयुरेथेनला ओलावा लागला की ते फेसाळतं तसं सगळं फेसाळलं, पण त्याची तक्रार करायची मुदत तोवर गेली होती.

फूड ग्रेडबद्दल मात्र मला खरंच राग आहे. टिन क्युअरमध्ये ऑर्गॅनोटिन (टिनच्या सेंद्रिय संयुगाचं) कॅटॅलिस्ट असतं, ते खाण्याच्या वस्तूंसाठी नाहीच, आणि हा माणूस तेच सिलिकॉन चॉकलेट आणि बर्फाच्या साच्यांसाठी म्हणून विकत होता. आपलं फार तर पॅनल ढिलं बसेल. ओळखीत कुणी असल्या सुट्या डब्यातून किचनसाठी साचे बनवत असेल तर त्यांना आजच सांगा आणि बनवलेले साचे वापरातून काढायला लावा.

असा डबा आधीच घरात असेल तर फेकू नका. दगड, वाळूच्या गोण्या, मॉडेलखालच्या जमिनीचं टेक्श्चर, जिथे अर्धा मिमी इकडे तिकडे चालतो तिथे वापरून टाका, कास्टिंग प्रायमरआधी नीट धुवा. फक्त त्याचे कप, ढवळायच्या काड्या आणि मोल्डच्या भिंती वेगळ्या ठेवा आणि डब्यावर मोठ्या मार्करने टिन लिहा, त्याचा एक पुसट थर जरी भिंतीवर राहिला तरी पुढचं प्लॅटिनम तिथे चिकट राहू शकतं.