नेट सारखं तुटतंय: केबल मोडेमच नीट करून घ्यायचा, की फायबर घ्यायचं?

संध्याकाळी नेट जातं. केबलवाल्याचा मुलगा येतो, मोडेम बंद करून चालू करतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मग शेजारीपाजारी सांगतात, "फायबर घेऊन टाका." सल्ला चुकीचा नाही, पण बिघाड कुठे आहे हे न बघता फायबर घेतलं तर नव्या कनेक्शनवरही बेडरूममधला व्हिडिओ कॉल तसाच अडखळू शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. कोणता पर्याय घ्यायचा हे बहुतेक वेळा त्या तपासणीतच कळतं.

पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटर लॅन वायरने थेट मोडेमला जोडायचा. राउटर वेगळा असेल तर तो मधून काढायचा. यात एक खोच आहे. चालू होताना समोर जे यंत्र दिसतं, त्याचाच मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, केबल मोडेम बहुधा धरून ठेवतो. त्यामुळे राउटर काढून नुसता कॉम्प्युटर लावला तर नेट येत नाही आणि आपल्याला वाटतं लाइनच मेली. मोडेमचा प्लग काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. दिवे स्थिर झाले की वापरून बघा.

वायरवर दोन-तीन तास नेट सुरळीत चाललं, तर दोष बहुधा वायफायचा किंवा राउटरचा आहे आणि फायबर त्यावर औषध नाही. राउटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा, घराच्या मध्यावर उंच ठेवा, जवळच्या खोल्यांत २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा. तरीही भागलं नाही तर चांगला राउटर घ्या. केबल ठेवायची की फायबर, हा प्रश्न अशा घरात तूर्त उद्भवतच नाही.

वायरवरही नेट तुटत असेल तर मोडेमलाच विचारायचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता (इंग्रजी आकड्यांत) टाकला की बऱ्याच केबल मोडेमचं स्टेटसचं पान उघडतं. काही कंपन्या ते बंद ठेवतात. उघडलं तर तीन आकडे बघा. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे घरात येणाऱ्या सिग्नलचा जोर, साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत हवी. एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती ठळक आहे तो आकडा, ३३ डीबीच्या वर असावा. अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेम बाहेर पाठवतो त्या सिग्नलचा जोर, ३५ ते ४९ च्या दरम्यान ठीक. ती ५० च्या पुढे गेली असेल तर तुमचा मोडेम घसा फोडून ओरडतोय आणि पलीकडे कमीच ऐकू जातंय, असं समजा. खालच्या लॉगमध्ये टी३ टाइमआउटच्या (मोडेमच्या हाकेला वेळेत उत्तर न आल्याच्या) ओळी वारंवार दिसतात, त्याचाही अर्थ बहुधा हाच.

आता केबलचा माग काढा. आपल्याकडे सेट-टॉप बॉक्स आणि मोडेम पुष्कळदा एकाच केबलवर असतात आणि मध्ये स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन-चार वाटा करणारा जोड, असतो. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक बाजूला सुमारे ३.५ डीबी सिग्नल खातो, चार तोंडांचा सुमारे ७. जुन्या टीव्हीसाठी लावलेला चार तोंडांचा स्प्लिटर तसाच राहिला असेल तर तो काढणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. मग गच्चीवरचा किंवा खिडकीबाहेरचा जॉइंट उघडायला सांगा. आतली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल, तर पावसाचं पाणी शिरलंय. कनेक्टर कापून नवा बसवायचा, नुसती टेप गुंडाळायची नाही. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ते करणारा माणूस गल्लीतच राहतो. केबलची ही बाजू मी कधीच कमी लेखणार नाही.

पण घरातलं सगळं ठीक आहे आणि तरी अपस्ट्रीम बिघडलेलं आहे, अशी वेळ आली तर मी केबलचा नाद सोडायला सांगेन. केबलच्या जाळ्यात एका भागातल्या सगळ्या घरांमधून शिरलेला गोंगाट परतीच्या वाटेवर एकत्र होतो. तीन इमारती पलीकडच्या कोणाचा तरी ढिला कनेक्टर तुमचं अपलोड खराब करतो. व्हिडिओ छान दिसतो, पण मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटतो, ही त्याची नेहमीची खूण. हा दोष तुमच्या घरात बसून निघत नाही.

फायबरमध्ये ही कटकट नाही. जीपॉन या घरगुती फायबरच्या पद्धतीत एक्स्चेंजच्या एका पोर्टवर सेकंदाला डाउनलोडला सुमारे २.५ आणि अपलोडला सुमारे १.२५ गिगाबिट असतात, ते साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. आठ चॅनेल जोडणाऱ्या डॉक्सिस ३.० (केबल इंटरनेटचं एक मानक) मोडेमची कमाल ३०० ते ४०० एमबीपीएसच्या घरात असते आणि तीही आजूबाजूच्या घरांबरोबर वाटून घ्यावी लागते. दुसरा फरक विजेचा. केबलच्या वाटेवरच्या ॲम्प्लिफायरना वीज लागते. गल्लीतले लाइट गेले की घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं. जीपॉनमध्ये एक्स्चेंज आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. ज्या गावात लाइट वारंवार जातात, तिथे माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी फायबर घ्यावं. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा तांब्याच्या केबलवरून मोडेमपर्यंत झटका येऊ शकतो. काचेच्या तंतूतून येत नाही.

फायबरची दुखणी वेगळी. ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, लाल एलओएस दिवा लागला की प्रकाश पोचत नाहीये. आत येणारा प्रकाश उणे ८ ते उणे २७ डीबीएममध्ये असावा. सोफ्यामागे वायर काटकोनात मुडपली तरी तो घसरतो, एवढं आपण घरी बघू शकतो. बाहेर तार तुटली तर मात्र तंतू जोडणारं स्प्लाइसिंग मशीन घेऊन माणूस येईपर्यंत थांबावं लागतं, कधी कधी दोन दिवसही.

फायबर म्हणून जे विकतात ते सगळं घरापर्यंत फायबर नसतं. कित्येक ठिकाणी फायबर इमारतीच्या स्विचपर्यंतच येतं आणि तिथून साधी लॅन वायर घरात येते. जिन्यातल्या त्या स्विचला वीज लागते, म्हणजे वर सांगितलेला फायदा गेला. कनेक्शन घेण्याआधी सरळ विचारा: ओएनटी माझ्या घरात बसवणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर खालच्या मजल्यावर ज्यांनी कनेक्शन घेतलंय त्यांच्याकडे जाऊन डबा बघून या.

घरापर्यंत फायबर मिळत असेल आणि घरातून नोकरीचं काम चालत असेल, तर मी फायबर घेईन. फक्त टीव्ही, मोबाइल आणि मुलांचा अभ्यास असेल आणि केबलवाला बोलावल्यावर येत असेल, तर आधी स्प्लिटर आणि जॉइंट बदलून महिनाभर वापरून बघा. तक्रार फोनवर तोंडी सांगून सोडू नका. डॉकेट नंबर घ्या, स्टेटसच्या पानाचा फोटो पाठवा. आकडे समोर असले की "इकडून सगळं ओके दिसतंय" एवढ्यावर फोन ठेवणं कठीण जातं.

फायबर ठरलंच तर जुनं कनेक्शन लगेच तोडू नका. नवं पंधरा दिवस नीट चालू दे. मोडेम कंपनीचा असेल तर अडॅप्टरसकट परत करा, पावती घ्या आणि डिपॉझिट किती दिवसांत मिळेल ते त्या पावतीवरच लिहून घ्या.