कॅनन ५० एमएम एफ/१.८ एसटीएम: समईच्या उजेडात कितपत चालते?

कॅनन १५००डी कॅमेऱ्याला १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) लावून घरच्या गणपतीच्या आरतीचे फोटो काढले, की चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखा नॉइज दिसतो. शिव्या सेन्सरला बसतात, पण खरी अडचण उजेडाची असते. ५५ एमएमला किट लेन्स एफ/५.६ पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). २०१५ साली आलेली ही जेमतेम १६० ग्रॅमची ५० एमएम लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे साडेनऊ पट उजेड. जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की नॉइजही वाढतो) ६४०० लागायचा तिथे ८०० च्या आत भागतं.

मात्र डायल हिरव्या ऑटोवर ठेवलात तर यातलं फारसं हाती लागणार नाही. एम (मॅन्युअल) मोडवर या. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ३२००. या लेन्सला हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही आणि टाळ्या वाजवणारी माणसं हलणारच, म्हणून शटर याखाली नको. एलईडीच्या माळांमुळे फोटोत पट्टे आले तर तेवढ्यापुरतं १/१०० करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. नॉइजच्या धास्तीने आयएसओ ८०० वर अडवून ठेवणं ही नेहमीची चूक. फोटो काळा येतो, मग तो कॉम्प्युटरवर उजळताना सावल्यांमधला नॉइज दुप्पट जोमाने वर येतो. त्यापेक्षा १६०० वर नीट उजळ आलेला फोटो केव्हाही स्वच्छ.

एफ/१.८ वर कडा मऊ येतात, कॉन्ट्रास्टही पडतो. एफ/२.८ ला चित्र स्पष्ट सुधारतं, एफ/४ ते ५.६ ला सर्वांत धारदार. एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) पुन्हा मऊपणा येतो.

खरी गोची फोकसची. एक मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम अडीच सेंटिमीटर खोली धारदार राहते: डोळे धरले तर कान गेले. १५००डी च्या नऊ फोकस पॉइंटांपैकी फक्त मधला क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आहे. कमी उजेडात तोच निवडा, वन शॉट (एकदा धरलेला फोकस तिथेच ठेवणारा मोड) ठेवा आणि जवळचा डोळा धरा. मूर्ती हलत नाही, तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र पाहणं), १० पट मोठं करून हाताने फोकस आणि २ सेकंदांचा टायमर. फोकस दरवेळी पुढे किंवा मागेच पडत असेल तर तो दुरुस्त करणारी मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटची सोय या बॉडीत नाही. परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासून घ्या.

स्वस्तातला यूव्ही फिल्टर (माप ४९ एमएम) लावलात तर निरांजनाच्या ज्योतीचं भूत चौकटीत भलतीकडेच उमटतं. काढून टाका.

छोट्या खोलीत मात्र ही लेन्स नडते. दहा फुटांवरून आडव्या चौकटीत जेमतेम साडेचार फूट रुंदी मावते. आख्खं कुटुंब आणि मखर एकत्र हवं असेल तर किट लेन्सच १८ एमएमला, एफ/३.५ वर लावा आणि ट्यूबलाइट लावायला सांगा.