जुन्या कॅसेट डेकवर नव्वदीची गाणी : सात महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत माळा आवरताना दादाचा कॅसेटींचा खोका सापडला. मोजून त्रेसष्ट नग. दादा फोनवर म्हणाला, "भंगारात दे, सगळं मोबाइलवर मिळतं." मी दिलं नाही, उलट साडेपाच हजार घालून एक वापरलेला, दुरुस्त केलेला डबल कॅसेट डेक आणला. त्याला आता सात महिने झाले. कसा आहे ते लिही, असं दोघातिघांनी तेव्हाच सांगितलं होतं, पण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि दुसऱ्या महिन्यात नुसत्या शिव्या.

आधी शिव्यांचं सांगतो. फीत फिरवणारा आतला रबरी बेल्ट नवीन टाकलाय, असं विकणारा म्हणाला होता. पाचव्या आठवड्यात आवाज लडबडायला लागला, बासरीला लाटा येऊ लागल्या. उघडून बघितलं तर एक बेल्ट नवा आणि दुसरा जुनाच, वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला. बोटांना लागलेला तो काळा चिकटा दोन दिवस निघत नव्हता. मग एक दुरुस्तीवाले काका सापडले. त्यांनी स्पिरिटने पुली पुसली, दोन्ही बेल्ट बदलले, पिंच रोलर, म्हणजे फीत पुढे ओढणारं रबरी चाक, साफ केला आणि जाताजाता मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून वेग जुळवून दिला. तोवर सगळी गाणी जवळजवळ अर्ध्या सुराने चढी वाजत होती आणि मी मात्र 'अहाहा, लहानपणी ऐकलेला आवाज हाच' म्हणून खूश होतो.

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली. हेडच्या, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, बाजूला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो केसभर फिरवायचा. आवाज गोधडीतून आल्यासारखा असतो, आणि एका जागी अचानक घुंगरू मोकळे होतात, शब्दांमधला 'स' ऐकू येतो. तिथे थांबायचं. कंपनीच्या कॅसेटींना हे एकदा केलं की बहुतेक भागतं. दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटींचं तसं नाही, कारण प्रत्येक दुकानाचं मशीन वेगळं. डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर दाबणाऱ्या सोयीचं, बटण बंदच ठेवा. डॉल्बीत न भरलेल्या कॅसेटीला ते लावलं की खरखर कमी होते, पण गाण्याची धारही जाते. माझ्या खोक्यातल्या एकाही कॅसेटीवर डॉल्बीची खूण नाही.

आता गाण्यांकडे. खोक्यात कुठली गाणी असणार, याचा माझा अंदाज सपशेल चुकला. नव्वदीची म्हणून जी गाणी आपण लग्नाच्या संगीतात आणि रिमिक्समध्ये ऐकतो ती फार तर चाळीस-पन्नास असतील. त्या वेळी आठवड्याच्या यादीत चढ-उतार करणारी बाकीची गाणी गेली कुठे? १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली अमीन सायानींची गीतमाला, म्हणजे गाण्यांची क्रमवारी सांगणारा कार्यक्रम, १९८९पासून विविध भारतीवर लागायची. तिच्या वार्षिक यादीत १९९१ला पहिलं आलं 'साजन'मधलं 'देखा है पहली बार' आणि १९९३ला 'खलनायक'मधलं 'चोली के पीछे'. मधल्या १९९२चं सांगा? ऑफिसात सहा जणांना विचारलं, एकालाही आलं नाही. ते होतं 'फूल और काँटे'मधलं 'मैंने प्यार तुम्हीं से किया है'. नदीम-श्रवणचं संगीत, कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल. त्या सिनेमातल्या दोन मोटारसायकलींवर पाय ठेवून येणारा अजय देवगण सगळ्यांना आठवतो, वर्षाचं पहिलं गाणं कुणालाच नाही. यादीत सगळ्यात वर बसलेल्या गाण्याची ही गत, तर सातव्या-आठव्या नंबरवाल्यांची काय कथा!

खोक्यातली सर्वांत मोलाची कॅसेट कंपनीची नाहीच. टीडीकेच्या कोऱ्या सी-६० वर दादाने भरून घेतलेली आहे. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने त्याचं अक्षर, दूरदर्शनवरचा गाण्यांचा कार्यक्रम 'सुपरहिट मुकाबला' बघून उतरवलेली यादी आणि तो सादर करणाऱ्या बाबा सहगलचं चष्मा घातलेलं एक वाकडंतिकडं चित्र. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. दादाने पाच मिनिटांना एक असा हिशेब करून सहा गाणी लिहिली. पण त्या काळची सिनेमाची बरीच गाणी पाच मिनिटांच्या वर जायची. दुकानदाराने सहावं गाणं मावलं तेवढं भरलं आणि पूर्ण पैसे घेतले. ते सहावं म्हणजे '१०० डेज'मधलं 'सुन बेलिया', लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रमण्यम. दुसरा अंतरा सुरू होतो न होतो तोच खट! तीस वर्षं माझ्या डोक्यात ते गाणं तिथेच संपत होतं. पुढचं मी या मार्चमध्ये पहिल्यांदा ऐकलं, तेही फोनवर, आणि कुणीतरी नंतर जोडल्यासारखं वाटलं.

'१०० डेज'चे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. हे नाव मुळात जोडीचं; त्यातले राम, म्हणजे सुरेंद्र, लवकर गेले, पण पाटलांनी नाव तसंच चालू ठेवलं. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासून 'हम आपके हैं कौन'पर्यंतचा हा माणूस. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके'च्या मध्ये त्यांनी केलेलं काम, '१०० डेज' किंवा 'पत्थर के फूल', आता फारसं कुणी काढत नाही. मला तर 'पत्थर के फूल'मधलं 'कभी तू छलिया लगता है' त्या दोन मोठ्या सिनेमांतल्या निम्म्या गाण्यांपेक्षा उजवं वाटतं. भांडायला तयार आहे.

"सगळं मोबाइलवर मिळतं" हे दादाचं म्हणणं मी तपासून पाहिलं. बरंचसं मिळतं, पण काय मिळेल याचा भरवसा नाही. अनेक ठिकाणी वर येतं ते झंकार बीट्स घातलेलं, म्हणजे मूळ गाण्यावर वरून इलेक्ट्रॉनिक ठोके चढवलेलं. पूर्वी रिक्षात आणि ट्रॅव्हल्समध्ये हेच वाजायचं, त्यामुळे काहींना तेच मूळ वाटतं. पण कॅसेटमध्येही सोवळं काही नाही. खोक्यातल्या अकरा कॅसेटी व्हर्जनच्या, म्हणजे दुसऱ्याच गायकांकडून परत गाऊन घेतलेल्या गाण्यांच्या, निघाल्या. कव्हरवर गाजलेल्या सिनेमांची नावं ठळक आणि गायकांची नावं मुंगीच्या अक्षरांत, ती वेगळीच. तेव्हा तो धंदा कायद्यातल्या सवलतीवर उघड चालायचा. यातल्या एका कॅसेटीतलं गाणं मी लहानपणी मूळ समजूनच पाठ केलं होतं, हे आता कळल्यावर जरा ओशाळल्यासारखं झालं.

विसरली गेलेली सगळीच गाणी गुणी होती, असं मुळीच नाही. सलग तीन कॅसेटी ऐका. सुरुवातीला गुणगुण, मग तोच ढोलक, मुखडा, बासरी नाहीतर सॅक्सोफोन, अंतरा, आणि दिल-धडकन-सनम यांची अदलाबदल. चौथ्या गाण्याला सिनेमा कुठला ते सांगता येत नाही. जानेवारीत एका रविवारी मी अशा नऊ कॅसेटी संपवल्या आणि संध्याकाळी घरातल्यांनी डेक पंधरा दिवस बंद ठेवायला लावला. बरोबरच होतं त्यांचं.

पण कॅसेटीत पुढे पळवणं जिवावर येतं. पळवलं तरी नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही, म्हणून माणूस न आवडलेलं गाणंही ऐकून घेतो. 'माया मेमसाब' मला अशीच मिळाली. मी लावली होती ती लताबाईंसाठी, आणि मध्येच आलं 'इक हसीन निगाह का'. १९९३चं. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, शब्द गुलजारांचे, आणि गातायत कुमार सानू! ज्यांचा आवाज बाकीच्या खोक्यात ठासून भरलाय तेच सानू, पण इथे नाकातला तो ओळखीचा लाड जवळजवळ नाही. सुरांच्या अवघड वळणांवरून दबकत जातात. फोनवर हे मी पंधरा सेकंदांत पुढे ढकललं असतं. या सात महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा वाजलेली बाजू हीच. फीतही आता जराशी सैल झाली आहे.

इंडिपॉपच्या, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांच्या, सातच कॅसेटी आहेत. सिल्क रूटच्या १९९८च्या 'बूँदें'मध्ये 'डूबा डूबा' सोडूनही ऐकण्यासारखं आहे. हरिहरन आणि लेस्ली लुईस यांच्या 'कलोनियल कझिन्स'ची फीत मात्र मशीनने खाल्ली. पेन्सिलीने गुंडाळून परत वाजवली, आता दुसऱ्या गाण्यात आवाज डावीकडे झुकतो.

डेक घ्यावा का? घरात कॅसेटी पडून असतील आणि जवळपास दुरुस्ती करणारा माणूस असेल तरच घ्या. कॅसेटी विकत घेऊन सुरुवात करणार असाल तर नको. वर्षानुवर्षं न वाजवलेल्या कॅसेटीतलं फीत दाबणारं नमद्याचं चिमुकलं पॅड बऱ्याचदा गळून पडलेलं असतं. ते नसेल तर आवाज येतो-जातो. जुन्या बिनकामाच्या कॅसेटीतलं काढून चिकटवता येतं, पण त्यात एक अख्खी दुपार जाते. माझा डावा चॅनेल अजून अधूनमधून बसतो. काका म्हणतात, बटणात धूळ आहे. मला नाही वाटत.

गेल्या महिन्यात दादा-वहिनी आले होते. चहा झाल्यावर मी काही न बोलता ती सी-६० लावली. दादा मोबाइलमध्ये होता. 'सुन बेलिया' आलं, पहिला अंतरा गेला, आणि खट व्हायच्या क्षणभर आधी त्याने मान वर न करता बाजू बदलायला हात पुढे केला. वहिनी हसायला लागल्या. निघताना मात्र म्हणाला, "खोका माझा आहे हं, पुढच्या वेळी घेऊन जाईन."

बघू म्हटलं.