कोलिब्री: रेंज नसलेल्या शाळेत कितपत चालतं?

शाळेत टॅब आलेत, पण नेट नाही, अशी अवस्था असेल तर कोलिब्री बसवून पाहावं. ‘लर्निंग इक्वॅलिटी’ या संस्थेचं, नेटशिवाय व्हिडिओ, धडे आणि सराव देणारं हे मोफत सॉफ्टवेअर. याच मंडळींनी २०१२ मध्ये खान अकॅडमीचे धडे ऑफलाइन दाखवणारं ‘केए लाइट’ काढलं होतं.

जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) हा सर्व्हर, म्हणजे सगळे धडे साठवून टॅबना पुरवणारं यंत्र. नेट असेल तिथे नेऊन चॅनेल (धड्यांचे संच) एकदा उतरवून घ्यायचे, मग साध्या राउटरवरून टॅब जोडायचे. टॅबला फक्त ब्राउझर लागतो. अख्खं चॅनेल घेऊ नका, जागा सगळी व्हिडिओ खातात. ‘अपूर्णांक’ एवढाच फोल्डर निवडता येतो. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता लिहिताना शेवटी पोर्टचा आकडा (सहसा ८०८०) टाकायचा राहिला की पान उघडत नाही. टॅबमध्ये सिम असेल तर मोबाइल डेटा बंद करा, कारण नेट नसलेलं वायफाय सोडून अँड्रॉइड परस्पर डेटावर जातं आणि मग ‘साइट सापडत नाही’.

आता अशा सॉफ्टवेअरबद्दल नेहमी केल्या जाणाऱ्या ‘प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचं शिक्षण’ या दाव्याकडे. माइंडस्पार्कसारखा सशुल्क प्रोग्राम मुलाची उत्तरं पाहून पुढचा प्रश्न स्वतः ठरवतो. कोलिब्रीत हे काम मुख्यतः शिक्षकाचं. आधी तोंडी चाचणी घ्या: अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. त्यावरून वर्गात गट पाडा आणि प्रत्येक गटाला वेगळा धडा नेमा. सरावात प्रभुत्वाची अट असते, उदाहरणार्थ सलग पाच बरोबर. हिंट (उत्तरासाठी मदत) घेतली तर ते उत्तर बरोबर धरलं जात नाही, ही चांगली सोय. मुलं पर्यायांवर अंदाजाने बोटं मारत सुटतात, त्यामुळे बहुपर्यायीपेक्षा आकडा लिहायचे प्रश्न निवडलेले बरे.

खरं मोल आहे ते शिक्षकाला दिसणाऱ्या पडद्याचं. कोण अडलंय ते दिसतंच, शिवाय ‘अवघड प्रश्न’ उघडला की मुलाने नेमकं काय लिहिलं तेही दिसतं. ५२ − २७ ला ३५ लिहिणारी चार मुलं एकत्र सापडली, तर ती लहान अंक मोठ्यातून वजा करतायत हे लगेच कळतं. त्यांना दहा मिनिटं काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवा. आणखी व्हिडिओ दाखवून काही होणार नाही.

ही नोंद बिघडते ती लॉगिनमुळे. विद्यार्थ्यांचा पासवर्ड बंद ठेवता येतो, लहान मुलांना ते सोपंही जातं. पण एक टॅब तीन मुलांत फिरत असेल आणि आधीच्याने लॉगआउट केलं नसेल, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यात जातात. तास संपण्याआधी लॉगआउट करून घ्यायचा नियमच हवा.

खरी अडचण मात्र सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) मूल वयानुरूप वर्गात बसतं. सातवीतलं मूल कोलिब्रीत चौथीचा भागाकार शिकतं, पण संकलित चाचणी सातवीचीच येते आणि गुण त्याचेच मोजले जातात. मग शिक्षक पोर्शन सोडून मागे जाणार कशाला? आठवड्यातल्या दोन तासिका मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात पातळीनिहाय कामासाठी लिहून दिल्या, तरच हे टिकतं. नाहीतर पाहुणे आले की टॅब बाहेर निघतात, एरवी कपाटात. कोलिब्रीतले गुण सरकारी पोर्टलवर आपोआप जात नाहीत, म्हणजे नोंदीचं काम दुप्पट. ही तक्रार रास्त आहे.

इंटरफेस मराठीत आहे. आशय मात्र इंग्रजी-हिंदीइतका मराठीत नाही, आणि हिंदी धड्यात ‘भिन्न’ (अपूर्णांक), ‘दशमलव’ (दशांश) ऐकून आपली मुलं गोंधळतात. कोलिब्री स्टुडिओत स्वतःचे पीडीएफ, व्हिडिओ आणि प्रश्न टाकून चॅनेल बनवता येतं. त्याला नेट लागतं, पण आपल्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) दोन-तीन शिक्षकांनी एकेक घटक वाटून घेतला तर एका सुट्टीत होण्यासारखं आहे.

रास्पबेरी पाय वापरत असाल तर वीज गेल्यावर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. छोटा यूपीएस लावा आणि भरलेल्या कार्डाची एक प्रत कपाटात ठेवा. जुन्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर तारीख तपासली नाही तर अहवालात भलतेच दिवस दिसतात. लोडशेडिंगच्या गावात जुना लॅपटॉपच घ्यावा, बॅटरी अर्धा तास टिकणारी असली तरी चालेल.